पोटातली माया

आमचे भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, शिंपी आहेत. गल्लीत सगळे त्यांना मास्तर म्हणतात. मी तोंडावर भावोजी म्हणते आणि पाठीमागे काय म्हणते ते फक्त ताईला माहीत आहे, ते इथं नको.

माणूस कसा आहे ते कळायला त्यांचं माप घेणं बघायला हवं. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहिलं की हे टेप कमरेभोवती फिरवतात आणि थांबतात. आकडा वाचत नाहीत, काही बोलत नाहीत, नुसते थांबतात. गिऱ्हाईक बिचारं आरशात इकडे तिकडे बघतं. मग हे म्हणतात, "श्वास सोडा साहेब."

"सोडलाय की."

"नाही सोडलेला. इथं पोट आत घेणार, घरी जाऊन सोडणार, आणि चार दिवसांनी येऊन म्हणणार मास्तरनं पँट घट्ट केली."

की गिऱ्हाईकाचं पोट फुस्सकन बाहेर. बरं, एवढं करूनही यांचा विश्वास बसतो का? नाव नको. प्रत्येक कपड्याच्या शिवणीत हे भरपूर माया सोडतात. माया म्हणजे शिवणीच्या आत दडवलेलं जास्तीचं कापड, पुढंमागं माणूस सुटला तर उसवून सैल करायला. दुसरे शिंपी अंगठ्याएवढी ठेवतात, आमचे भावोजी तळहाताएवढी. मी एकदा म्हटलंही, "भावोजी, तुमचा लोकांवर विश्वास कणभर नाही, पण माया बघावी तर वीतभर!" त्यावर ते खडूनं रेघ मारत म्हणाले, "मेव्हणीबाई, विश्वास नाही म्हणूनच माया ठेवावी लागते."

असा हा माणूस. दूध वास घेतल्याशिवाय पीत नाही, कुलूप लावल्यावर ओढून बघतो, मग मागे जाऊन परत ओढतो. ताईनं हसून चहा दिला तर विचारतो, "काय फुटलं?"

आता अशा माणसाच्या पोटात खडे व्हावेत, म्हणजे देवानंच थट्टा केली.

सुरुवातीला जेवण झालं की उजव्या बाजूला कळ यायची, पाठीतून खांद्यापर्यंत. यांचा पहिला संशय ताईच्या तेलावर. तेल बदललं. मग संशय पाण्यावर. मग खुर्चीवर. शेवटी एक दिवस कापायच्या टेबलावरच आडवे झाले तेव्हा ताईनं धरून सोनोग्राफीला नेलं. पित्ताशयात खडे, आणि एक-दोन नाहीत, चांगली मूठभर. पित्ताशय म्हणजे लिव्हरखाली लोंबणारी छोटी पिशवी, त्यात पित्त साठतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माझ्या मते पित्त म्हणजे उलट्या आणि भावोजींचा राग.

"बरं झालं," मी म्हटलं, "पिशवीच काढून टाकली की तुमचं पित्त खवळायचं बंद. आमची ताई सुखात."

"खवळायला पिशवी लागत नाही, मेव्हण्या पुरतात."

ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरबाई ठेंगण्याशा होत्या, आवाज अगदी हळू. त्यांनी सांगितलं, पोट फाडायचं नाही, दुर्बिणीतून करायचं. झालं! बाहेर आल्यावर भावोजी मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "दुर्बिणीनं लांबचं बघतात. माझं पोट काय डोंगरापलीकडे आहे?"

"अहो, बारीक नळीला कॅमेरा असतो त्याला म्हणतात."

"आणि पिशवी कुठून काढणार? भोकातून?"

"भोकातून."

"शर्टाच्या काजातून कधी खिसा ओढून काढलाय कुणी?"

तरी झालं ऑपरेशन. ठरल्यापेक्षा बराच जास्त वेळ लागला, आणि बाकावर बसून ताईनं माझा हात इतका आवळला की बांगडीचा वळ उठला. दुसऱ्या दिवशी मी गेले तर हे सदरा वर करून पोट बघत बसलेले. तीन-चार ठिकाणी बारीक टाके.

"काज पाडलेत," मला म्हणाले. "बटणं लावायची विसरले."

मी खूप हसले. म्हटलं, माणूस थट्टा करतोय म्हणजे बरा आहे. पण ते हसत नव्हते. दाराकडे बघून हळूच म्हणाले, "तू तेवढी माझ्या बाजूची आहेस ना?"

"मी कुणाच्याच बाजूची नाही, मी चहाच्या बाजूची."

"मग राहू दे."

आणि खरंच राहू दिलं. घरी आले, हळूहळू दुकानात जायला लागले. जेवण झालं की संडासाकडे पळापळ व्हायची थोडी, तेलकट खाल्लं की जास्त. डॉक्टरबाईंनी सांगितलंच होतं, सवय होईपर्यंत असं होतं म्हणून. आम्हाला वाटलं, सुटलो.

मग दोन-अडीच महिन्यांनी मी ब्लाउज टाकायला दुकानात गेले. दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे दारात काजवाली बसते, ती काज-बटणाचं काम करते आणि जगातल्या सगळ्या वाईट बातम्या तिच्याकडे असतात. मध्ये मशिन, मागे कापायचं टेबल, आणि टेबलाच्या पायाला सुतळीनं बांधलेलं नालासारखं लोहचुंबक, खाली सांडलेल्या टाचण्या उचलायला. मी आत शिरले तर पडद्यामागे भावोजी उभे, सदरा वर केलेला, आणि ते चुंबक पोटावरून फिरवतायत! हळूहळू, इस्त्री करावी तसं.

"अगं बाई," मी म्हटलं, "टाचण्या गिळल्या की काय?"

"शू! इकडे ये. बघ आता." त्यांनी चुंबक बेंबीच्या खाली आणलं. टक्! चिकटलं.

मी दोन पावलं मागे सरले हो. खोटं कशाला सांगू.

"बघितलंस? आत ठेवलंय. कात्री असेल नाहीतर चिमटा. मी शुद्धीवर येत होतो तेव्हा माझ्या कानांनी ऐकलंय. ती बाई म्हणाली, 'आत ठेवलंय.' आणि कुणीतरी म्हणालं, 'त्यांना सांगू नका.'"

मी वाकून बघितलं. "भावोजी."

"काय?"

"पँटचा हूक आहे तो."

त्यांनी खाली बघितलं. मला तोंड फिरवायला लावून पट्टा सैल केला, हूक बाजूला केला आणि परत चुंबक फिरवलं. काही नाही. मला वाटलं, आता तरी जिवात जीव येईल. तर दारातून काजवाली दोरा दातानं तोडत म्हणते, "चांगल्या प्रतीचं स्टील चुंबकाला चिकटत नाही, मास्तर. माझ्या नणंदेच्या चुलत सासऱ्यांच्या पोटात अख्खा टॉवेल राहिला होता. टॉवेलही चिकटला नसता."

"ऐकलंस?" भावोजी म्हणाले.

तेव्हा मला कळलं, हा माणूस इतके दिवस हे पोटात घेऊन हिंडत होता. वाकत नव्हता, म्हणून कापायचं काम बंद. जड इस्त्री उचलत नव्हता. बारीक झाला होता, पँट आत घेऊन घेऊन घालत होता. आणि परत तपासायला बोलावलं होतं तेव्हा रस्त्यातूनच मागे फिरला होता.

मी तडक ताईकडे. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मी रंगवून रंगवून सांगितलं, चुंबक काय, हूक काय, काजवालीचा टॉवेल काय. ताई हसली. मग मी म्हटलं, "आणि म्हणे कुणीतरी म्हणालं, त्यांना सांगू नका."

तिच्या हातातली घडी मोडली. पुन्हा घातली, पुन्हा मोडली.

"भूल उतरताना काहीही ऐकू येतं माणसाला," ती म्हणाली. फार पटकन म्हणाली.

आमची ताई खोटं बोलते तेव्हा उत्तर तयार असतं. खरं असेल तर ती आधी विचार करते. लहानपणापासून बघतेय मी तिला. तेवढ्यात माझ्याही डोक्यात किडा शिरला. डॉक्टरबाईंवर संशय, काजवालीवर संशय, आणि आता सख्ख्या बहिणीवर. मी किती खोदून विचारलं, गोडीनं, रागानं, चहा करून. ती घड्या घालत राहिली. टॉवेलची घडी, परत टॉवेल. त्या दिवशी मला त्या टॉवेलांचीच भीती वाटायला लागली, काय सांगू.

मग ती सकाळ. काजवालीचा फोन, "ताबडतोब या. मास्तर मशिनला दोरासुद्धा लावत नाहीयेत, नुसते बसलेत. आणि डोळे बघा त्यांचे."

मी गेले. भावोजी स्टुलावर, अंगाभोवती गिऱ्हाईकाचा कोट गुंडाळलेला, दात वाजतायत. अंग तापलेलं. हातांची आग होते, खाज सुटते म्हणून नखांनी ओरखडलेलं. डोळ्यांचं पांढरं पिवळंधमक. लघवी चहासारखी होतेय, असं स्वतःच म्हणाले, मला लाजायचं सोडून.

"चला दवाखान्यात."

"ज्यांनी ठेवलं त्यांच्याकडेच परत? पुरावा काढून टाकतील आणि शिवून टाकतील."

"दुसऱ्या दवाखान्यात चला."

"सगळे एकमेकांना ओळखतात."

"अहो, मराल अशानं!"

"मेलो तर निदान उघडून बघतील," ते म्हणाले. थट्टेत नाही हो. अगदी शांतपणे, कापड किती लागेल ते सांगतात ना तसं. मला थट्टा सुचेना. मला! काजवालीनं सुई खाली ठेवली. मी ताईला फोन केला, "ये, आणि जे पोटात ठेवलंयस ते घेऊन ये."

ताई आली ती चप्पल उलटसुलट घालून. आत आली, यांचे डोळे बघितले आणि टेबलाला धरून उभी राहिली. मी म्हटलं आता रडणार. रडली नाही.

"अहो," ती म्हणाली, "त्यांना सांगू नका म्हणणारी मी होते."

भावोजींनी मान वर केली. त्या पिवळ्या डोळ्यांनी तिच्याकडे असं बघितलं, की मी दोघांच्या मधून बाजूला सरकले.

"तू?"

"मी. त्यांनी तुमच्या पोटात..." ती अडली. शब्द शोधत होती. डॉक्टरबाईंनी तिला जे शब्द सांगितले होते ते तिला येत नव्हते, आणि साधे सांगितले तर हे भलतंच समजले असते. तिनं टेबलावरची अर्धी शिवलेली पँट उचलली, शिवण उलटी केली आणि आतलं कापड बोटात धरलं. "ही ठेवलीय. माया."

त्यांनी ती शिवण अंगठ्यानं चाचपली. मग भावोजींनी विचारलं, "किती?"

मी कपाळावर हात मारला. तापानं फणफणलेला माणूस, आणि विचारतो किती!

"बोटाच्या पेरापेक्षा थोडी जास्त."

"का?"

"पिशवीचा खालचा भाग नळीला चिकटून गेला होता. सगळं सुजलेलं, काय कुठं संपतं ते दिसत नव्हतं. ओढून काढायला गेले असते तर लिव्हरची मोठी नळी कापली गेली असती. म्हणून वरची पिशवी काढली, खडे काढले, आणि तेवढा तुकडा ठेवून तोंड शिवून टाकलं."

"अस्तर कापडाला चिकटलं की मीपण ओढत नाही," भावोजी पुटपुटले. मग एकदम आवाज चढला, "मग मला सांगायला काय झालं होतं?"

"तुम्हाला?" आता ताईचाही चढला. "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही टेप घेऊन डॉक्टरबाईंच्या दारात बसला असता! जेवला नसता, झोपला नसता, मला झोपू दिलं नसतं. डॉक्टरबाई म्हणाल्या मी सांगते, तर मीच म्हटलं थोडे बरे होऊ देत, मी सांगेन. मग तुम्ही हसायला लागलात, जेवायला लागलात. मला वाटलं, राहू दे अजून थोडे दिवस."

"मी चुंबक फिरवत होतो पोटावर."

"मला काय माहीत? मला तुम्ही सांगितलं?"

मास्तरांनी कोट आणखी घट्ट गुंडाळला. त्यांनी सगळ्या जगाला सांगितलं होतं, मला, काजवालीला, बहुतेक गिऱ्हाइकांनाही. फक्त बायकोला नाही, कारण तिच्यावर संशय होता. आणि तिनं नाही सांगितलं, कारण त्यांच्या संशयाची भीती.

"उठा आता," ताई म्हणाली. "का अजून माप घ्यायचंय?"

उठले. कोट अंगावरच राहिला, गिऱ्हाईकाचा. काजवाली मागून ओरडली, "त्याला आजच द्यायचाय तो!" कोण ऐकतंय.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी डोळे बघितले आणि भराभर सूत्रं हलवली. भावोजी म्हणाले, "आधी सांगा. माझ्या तोंडावर सांगा. आणि हिच्यासमोर."

त्यांनी खुर्ची ओढली आणि हळू आवाजात सांगितलं. मागच्या वेळी सांगायचं काम तुमच्या बायकोवर सोडलं ही माझी चूक, असंही म्हणाल्या. राहिलेल्या त्या तुकड्याची परत इवलीशी पिशवी झाली होती. त्यात एक खडा धरला, आणि तो घसरून मोठ्या नळीत अडकला. पित्ताची वाट बंद, म्हणून कावीळ. वर जंतू झाले, म्हणून थंडी-ताप. वेळ घालवण्यात अर्थ नव्हता.

"तोंड शिवलंत म्हणून पिशवी झाली ना?" भावोजी दात वाजवत म्हणाले.

"हो."

"मग शिवलं कशाला? उघडं ठेवायचं."

"उघडं ठेवलं असतं तर खड्याची भीती कमी होती. पण पित्त पोटात गळलं असतं, काही दिवस, कदाचित काही आठवडे. शिवलं की गळत नाही, पण पिशवी होऊ शकते. दोन्हींत काहीतरी सोसावं लागतं. आणि सगळं काढायच्या नादात नळी कापली असती, तर आयुष्यभर लिव्हरचं दुखणं."

भावोजींनी विचार केला. तापातसुद्धा विचार करत होते, मला दिसत होतं, डोक्यात कापड पसरून कुठून कापायचं ते बघत होते.

"आणि पिशवीच नसेल तर पचन?"

"लिव्हर पित्त करत राहतं, ते थेट आतड्यात थेंब थेंब जातं. बहुतेकांचं चालतं. तुमची पळापळ झाली, ती त्यामुळेच. कमी होते हळूहळू."

"आता काय करणार? परत काज?"

"नाही. तोंडातून नळी घालून आतून खडा काढू."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. पोटाच्या खड्यासाठी तोंड! नेहमीचे भावोजी असते तर तिथंच पंचायत बसली असती. मी वाटच बघत होते. ते ताईकडे वळले.

"तुला बरोबर वाटतंय?"

ताईनं लगेच उत्तर दिलं नाही. खूप वेळ विचार केला. मग म्हणाली, "मला भीती वाटते. पण बरोबर वाटतंय."

तिनं विचार केला म्हणून मला कळलं, खरं बोलतेय. त्यांनाही कळलं असावं. म्हणाले, "चला मग." आणि आत नेताना, चाकांच्या पलंगावरून मान उचलून तिला म्हणाले, "यापुढं माया ठेवायची असेल तर सांगून ठेव."

खडा निघाला. तुरीच्या दाण्यापेक्षा लहान, एवढ्यासाठी एवढं रामायण! ताप उतरला, डोळे हळूहळू पांढरे झाले. राहिलेला तुकडा अजून आत आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या, सूज पूर्ण उतरू दे, मग काढायचा की नुसतं लक्ष ठेवायचं ते बसून ठरवू, तिघं मिळून. भावोजी आता तपासणीला वेळेच्या आधी जातात आणि सोनोग्राफी करणाऱ्याला पडद्यावर बोट ठेवून विचारतात, "ही माया ना? आणि ही काय?" तो बिचारा घामाघूम.

परवा दुकानात गेले. भावोजी स्वतःचीच पँट उसवत बसले होते, ती आत घेतलेली. ताई बाजूला डब्यातलं वाढत होती, आणि ते प्रत्येक घास आधी हुंगत होते. ते काही गेलं नाही, ते ऑपरेशननं जाणारं नाही.

"काय भावोजी, सुटलात वाटतं?"

"श्वास सोडला," ते म्हणाले.

"आहे का माया शिल्लक, का नवीन शिवायची?"

त्यांनी शिवण उलटी करून उजेडात धरली. मग ताईकडे बघितलं. ती डब्याचं झाकण लावायच्या नावाखाली दुसरीकडे बघत होती.

"आहे," ते म्हणाले. "कुणी बोललं नव्हतं, पण होती."